साठ अंशांचा आकडा

मोहोपाडा, मंगळवार, संध्याकाळ

साठ अंश तापमानाला चिपवरच्या केसाहून बारीक, बांगडीसारख्या कड्यातून प्रकाश कसा जाईल? मला माहीत नाही. तरी माझं मॉडेल बेधडक आकडा देत होतं.

प्रकाशावर चालणाऱ्या चिपच्या एकेका भागाची छोटी गणिती मॉडेलं करून आमचा गट ती कॉलेजांना फुकट वाटतो. या कड्याचं मॉडेल माझ्याकडे होतं. प्रत्यक्षात कडं मोजलं मात्र वीस ते चाळीस अंशांतच. आज एका विद्यार्थिनीचा मेल आला: "ताई, तुमचं मॉडेल वापरून साठ अंशांना सिम्युलेशन छान जुळलं. शुक्रवारी डिझाइन चिप बनवायला पाठवते." तिला ही संधी एकदाच मिळणार आहे.

बाबा कारखान्यात मीटर वाचतात. चहा पिताना त्यांना सांगितलं.

"साठला तू मोजलंस का गं?"

"नाही. सूत्रच पुढे नेलंय."

"आमचा काटा लाल रेघेपल्याड गेला तर आमी आकडा लिवत नाय. 'काटा बाहेर' लिवतो. अंदाज लिवला तर सायेब वही तोंडावर मारंल!"

ते हसले. मला हसू आलं नाही. माझ्या मॉडेलला लाल रेघ का नव्हती? कुणी शिकवलं नाही, की काम अर्धवट दिसेल म्हणून मीच घाबरले?

कडं तापलं की त्यात अडकणारा प्रकाशाचा रंग वर्णपटात थोडा सरकतो, एवढं ठाऊक आहे. पण साठला किती सरकेल? स्वतः मोजून बघायची फार उत्सुकता लागली आहे.

आता चाळीसच्या पुढे मॉडेल थांबतं आणि सांगतं, "इथे मोजलेलं नाही." नवी आवृत्ती सगळ्या कॉलेजांना पाठवली. त्याआधी त्या मुलीला फोन करून सांगितलं, साठचा आकडा मोजलेला नाही.