बाटल्यांना येणारा वास

लिड, वोस
६ ऑक्टोबर १९५७

ती. गुरी आत्यास,
ओडमुंडचा शि. सा. न. वि. वि.

तुझा गुडघा आता बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे बटाटे काढून झाले. मेंढ्याही डोंगरावरून उतरल्या.

बाबा अजून शहरातल्या दवाखान्यातच आहेत. जेवण जवळजवळ सुटले आहे. आठवण काढतात ती फक्त घरच्या बीअरची. वॉर्डातल्या सिस्टरने दया येऊन रोज एक लहान बाटली चालेल असे सांगितले. पिंप काही बसमधून नेता येत नाही. म्हणून आपल्या घरात पहिल्यांदाच मी बीअर बाटल्यांत भरली. सोड्याच्या जुन्या बाटल्या जमवल्या आणि शेतकी शाळेत त्या एका हिवाळ्यात शिकवले होते तशा, हात सोलवटेपर्यंत धुतल्या. माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे.

पण आत्या, बीअरला वास येतो. जखमेच्या पट्टीसारखा. गिळल्यावर जिभेच्या मुळाशी औषध रेंगाळते. बाबा मात्र फक्कड झाली आहे म्हणाले. वास येतो का विचारले, तर माझ्या तोंडालाच दवाखाना लागलाय रे, बीअरला कशाला नावं ठेवतोस, असे म्हणून हसले. बाटलीतला उरलेला घोट मी बसथांब्यावर चाखून पाहिला. दवाखाना बीअरमध्येच आहे.

काही कीड शिरली असेल का? तू लग्नाआधी या घरात बाबांच्या बरोबरीने बीअर करायचीस, म्हणून तुलाच विचारतो. बाबांना कळू द्यायचे नाही. जाताना त्यांनी खमिराचे लाकडी कडे माझ्या हातात दिले होते. दर खेपेला खमिराच्या फेसात बुडवून, पुढच्या खेपेसाठी वाळवून धुराड्याजवळ टांगायचे, ते आजोबांच्याही आधीचे कडे. दरीत आता बाकी सगळे दुकानातले खमीर आणतात. जुने एवढेच उरले आहे.

माझी काळजी तुझ्यावर लादतो आहे, पदरात घे.
तुझा ओडमुंड

*

१० ऑक्टोबर

चि. ओडमुंड यास,
गुरी आत्याचे पोटभर आशीर्वाद.

बाटलीत बीअर! तुझे आजोबा असते तर तुलाच बाटलीत भरून बूच मारलं असतं. पण माझ्या भावाच्या, ब्रिन्युल्फच्या घशाखाली चार घोट उतरतायत ना, मग त्यांचंही काही चाललं नसतं.

आता नीट वाच. आंबट लागते का? बूच काढल्यावर फसफसून बाहेर उसळते का? बाटलीच्या मानेला आतून चिकट रेघ धरलीय का? वर साय येते का? यातलं एक जरी असलं तर कीड. नसलं तर घाबरायचं कारण नाही, दुसरं काहीतरी शोधू. आणि शाळेत शिकवलं तसं धुतलं म्हणजे कशानं, ते सांग की शहाण्या. मी कुठे होते तुझ्या शाळेत?

आणखी एक. खमीर घालताना ओरडलास का? ब्रिन्युल्फ पिंपात तोंड घालून असा आरडायचा की पलीकडच्या डोंगरावरची कुत्री भुंकायची. त्याशिवाय खमिराला जाग येत नाही म्हणायचा. तू नसशीलच ओरडला, लाजरा कुठला.

माझ्याकडचं खमीर लढाईच्या वर्षांत जवाचं माल्ट मिळेना तेव्हाच मेलं, नाहीतर इथूनच पाठवलं असतं. ते कडं जप.

भावाच्या कपाळावर माझ्या वतीनं हात फिरव.
तुझी आत्या

*

लिड
१५ ऑक्टोबर

ती. गुरी आत्यास,
ओडमुंडचा शि. सा. न. वि. वि.

आंबट नाही. उसळत नाही. रेघ नाही, साय नाही. एकेक बाटली उजेडात धरून पाहिली. तुला हे वाचून बरे वाटेल, मला वाटले नाही, कारण वास तर आहेच.

धुण्याचे विचारतेस, तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने. शाळेच्या दूधघरात सगळे त्यानेच धुवायचे. या वेळी मी पुन्हा नवी बीअर केली तेव्हा पिंप, बादल्या, पळ्या, सगळेच त्यात बुडवले आणि पावडर दुप्पट घेतली. जुनिपरच्या फांद्यांचे उकळलेले पाणीही वापरले नाही. रानातल्या फांद्यांवर काय काय बसलेले असते!

वास आणखी वाढला. पिंपातूनच येतो आहे, बाटलीत भरण्याआधीच. म्हणजे बाटल्या निर्दोष. मी फार विचार केला. जे जे धुता येते ते सगळे धुतले. न धुतलेले एकच आहे, ते कडे. त्याच्या खाचांत वाळलेला फेस भरलेला आहे. कीड तिथेच असणार.

मी ओरडलो नाही. रस्त्यावरून लोक जात होते.

उलट टपाली कळव, एवढी कृपा असू दे.
तुझा ओडमुंड

*

लिड
१९ ऑक्टोबर

ती. गुरी आत्यास,
नमस्कार.

तुझ्या उत्तराची वाट पाहायला हवी होती. पण परवा डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावले आणि ते नाताळपर्यंत असतील असे धरून चालू नका म्हणाले. बाबांनी त्या दिवशी अर्धीच बाटली घेतली. बरी आहे म्हणाले. फक्कड म्हणाले नाहीत.

त्यांना शेवटी नासकी बीअर पाजतो आहे हे मला सहन होईना. घरी येऊन पिंप अंगणात उलटे केले, बाटल्या रिकाम्या केल्या, सगळे पुन्हा पावडरीने धुतले. कडे चुलीत घातले. कीड घरात ठेवून कसे चालेल? ते लगेच पेटले नाही. आधी त्याला पाव भाजल्यासारखा, संत्र्याच्या सालीसारखा सुगंध सुटला. बाबांच्या बीअरचा. मी दार उघडून उभा राहिलो.

शेजारचा टोर्गाइर दुकानातून पावाचे खमीर आणून देणार आहे.

तू तरी मला बरोबर म्हण.
ओडमुंड

*

१९ ऑक्टोबर

चि. ओडमुंड यास,
आत्याचे आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

अरे वेड्या, सापडलं! खमीर ठणठणीत आहे. कीड नाही, काही नाही. ती तुझी पावडर! आमच्या गावात नळ आले आणि पाण्यात तेच औषध पडायला लागलं, त्या वर्षी माझ्या बीअरला हाच दवाखाना लागला होता. मीही नवऱ्याला, पिंपाला, सगळ्यांना शिव्या घातल्या. मग ओढ्याचं पाणी वापरलं आणि वास गेला. पावडरीचा कण राहिला तरी बीअर तो धरून ठेवते. तू जितकं धुतलंस तितकं बिघडवलंस.

आता पावडर फेकून दे. सगळं जुनिपरच्या कढत पाण्यानं धू, आपल्या घरात कायम तेच करायचो. कडं कोमट माल्टपाण्यात सोड, आणि ओरड! पहिली बाटली ब्रिन्युल्फला, दुसरी माझ्या नावानं तू पी.

इतक्या दिवसांनी मी एकटीच हसत बसलेय. असाच त्रास देत जा.
तुझी आत्या

*

लिड
२४ नोव्हेंबर

ती. गुरी आत्यास,
ओडमुंडचा शि. सा. न. वि. वि.

वादळामुळे तुझी बोट सुटली नाही, तुला येता आले नाही, म्हणून सगळे लिहितो आहे.

तुझे पत्र मिळाले तेव्हा चुलीतली राख मी आधीच शेतात टाकली होती. तरी जाऊन शोधले. बाटल्या तपासल्या. एखादीच्या तळाशी गाळ राहिला असता तरी खमीर परत उठवता आले असते. एकही राहिली नव्हती. मी सगळ्या नीट धुतल्या होत्या.

बाबांना सांगितले नाही. शेवटच्या रविवारी त्यांनी कडे कुठे टांगलेस म्हणून विचारले. धुराड्याजवळ, असे सांगितले. फार जवळ नको, करपेल, असे म्हणून त्यांनी डोळे मिटले. माझ्याशी झालेले त्यांचे ते शेवटचे बोलणे.

दफनानंतर लोकांना घरची बीअर द्यायची, म्हणून अंत्यविधीच्या पाच दिवस आधी सकाळीच पिंप लावले. पावडर नाही. जुनिपरचे पाणी, ओढ्याचे पाणी. पावाचे खमीर हातात घेतले आणि रस्त्यावर माणसे असतानाच पिंपात तोंड घालून ओरडलो. किती वेळ ते कळले नाही. टोर्गाइरने येऊन मला उठवले. पलीकडच्या डोंगरावरची कुत्री भुंकत होती.

बीअरला कसलाही वास आला नाही. लोकांनी दोन-दोनदा मागून घेतली. टोर्गाइरने घोट बराच वेळ तोंडात धरला. मग म्हणाला की पोरा, चांगली झालीय, स्वच्छ आहे. एवढे बोलून त्याने पेला खाली ठेवला आणि धुराड्याजवळच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिले. मला ते कळले.

राग असेल तर तोही लिहून पाठव, पण पत्र पाठव. आता या घराची बीअर कशी लागायची हे माहीत असलेली, माझ्याखेरीज, घरातली तू एकटीच आहेस.

तुझा ओडमुंड