हे मागून येतायत

१० मार्च, सोमवार

श्रीनिवास ‘नाही’ म्हणाला. मी विचारलं कुठं होतं? सांगितलं होतं — नाथषष्ठीला पैठणला चालत जाणार आहे, एकटी!

‘ताई, वेड लागलंय का तुला? गाडीनं तासाभराचा रस्ता. मी नेतो, दर्शन घेऊ, संध्याकाळी घरी.’

धाकटा भाऊ. मी त्याला कडेवर घेऊन गुलमंडीच्या बाजारात फिरवलाय. आता तो मला नेणार.

आई दिवाळीत गेली. तेव्हापासून जो येतो तो मला सोबत करायला येतो. आई अंथरुणाला खिळलेली असताना हे सगळे सोबती कुठं होते? तेव्हा मी एकटी नव्हते म्हणे — आई होती ना! आता मात्र बाईमाणसानं एकटं राहायचं नाही. गारखेड्याचं हे घर भाड्यानं द्यायचं आणि मी त्याच्या बंगल्यात मागच्या खोलीत जायचं. त्याच्या बायकोनं, भानुमतीनं, खोलीला रंगही देऊन ठेवलाय. गुलाबी. मला न विचारता.

वाद वाढला तेव्हा चिडून म्हणाला, ‘पैठणपर्यंत एकटी जाऊन दाखव. मग राहा खुशाल एकटी. मी पुन्हा शब्द काढणार नाही.’

त्याला वाटलं, मी गप्प बसेन. मी म्हटलं, ठरलं!

१२ मार्च

सल्ल्यांचा पाऊस. भानुमती — ‘वन्सं, मिरचीपूड ठेवा पदराशी.’ ऑफिसातली मैत्रीण — ‘मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा.’ वरच्या मजल्यावरचे काका — ‘दिंडीतून का जात नाही? चांगली सोबत असते.’

पुन्हा सोबत! घरच्या चार माणसांतून सुटून मी दोनशे माणसांत कशाला जाऊ? मला कुणाच्या तालावर चालायचं नाही, कुणाचे गुडघे चोळायचे नाहीत, कुणाला चहा विचारायचा नाही. आई दरवर्षी षष्ठीला पैठणला जायची. बाबांना गरम पोळी लागते म्हणून मी घरी. एकदाही गेले नाही.

१५ मार्च

धुणीभांड्याला येते ती आशाबाई तेवढी हसली नाही. ती स्वतः दोनदा एकटी गेलेली आहे.

‘लई बाया जातेत, ताई. पण गळा उघडा ठेवू नका. काळे मणी घाला. कुणी इचारलं तर म्हणायचं, हे मागून येतायत. पुढं कुणी काय बोलत नाय.’

‘अगं, पण माझं लग्न कुठं झालंय?’

‘ते तुमच्या गल्लीला ठावं. रस्त्याला कोण सांगतंय?’

१६ मार्च, रविवार

गुलमंडीत जाऊन खोटं मंगळसूत्र घेतलं. दुकानदार म्हणाला, ‘सुनेला द्यायचंय का, काकू?’

‘मलाच.’

‘बरं करता. आजकाल बाइकवाले ओढून नेतात. खरं लॉकरमध्येच ठेवायचं.’

खरं लॉकरमध्ये! मी मान हलवली.

घरी आरशात पाहिलं. बावन्नाव्या वर्षी. वाईट दिसत नव्हतं, आणि त्याचाच जास्त राग आला. आई असती तर रडली असती, आनंदानं. बाहेरून कुणी पाहू नये म्हणून पडदा ओढला.

नवरा ठरवून टाकला. वाळूजला कंपनीत आहे. शिफ्ट सुटली की गाडीवर मागून येणार. जेवायला मागत नाही, घोरत नाही. असा मिळत असता तर केलं असतं की लग्न!

१८ मार्च, बिडकीन

पहाटे निघाले. कुलूप दोनदा ओढून पाहिलं. चितेगाव मागं पडेपर्यंत पाय हलके झाले. बऱ्याच दिंड्या पुढं गेल्यात. रस्ता, ट्रक, ऊन आणि मी.

मणी काम करतात! टपरीवाल्यानं बाक पुसून दिला. ‘साहेब?’

‘मागून येतायत.’

‘बसा, बसा मावशी, निवांत बसा.’

जो जन्मलाच नाही त्याला एवढा मान. मी तीस वर्षं पाटबंधारे खात्यात नोकरी केली, कुणी बाक पुसला नाही.

मग ती लाल मोटारसायकल. आधी वाटलं, असेल कुणी. पण माणूस पुढं जाऊन झाडाखाली थांबतो. मी गेले की परत मागून येतो, हळूहळू. तोंडाला रुमाल बांधलेला, वर हेल्मेट. मी थांबले की तो थांबतो. शिवी देत नाही, हाक मारत नाही — नुसता आहे. मागून येतायत म्हणाले आणि खरंच कुणी येतंय!

त्याच्यामुळं आडोशाला जाता येईना. म्हणून पाणी पिणंच बंद केलं. बाटली भरलेली आहे पिशवीत आणि जीभ टाळूला चिकटलीय. पुरुषांना हे गणित कधी करावं लागतं?

देवळाच्या सभामंडपात एका दिंडीतल्या बायकांजवळ पथारी टाकलीय. त्यांनी आल्याआल्या विचारलं, ‘एकट्याच? घरी काय झालं का?’ बाई एकटी चालली म्हणजे घरी काहीतरी झालेलंच असणार!

१९ मार्च, ढोरकीन

आज पडले. अक्षरशः.

तो सकाळपासून मागं. दोनदा वाटलं, श्रीनिवासला फोन करावा. फोन हातात घेतला. मग तो गुलाबी रंग डोळ्यांपुढं आला आणि फोन परत ठेवला. पाणी नाही, डोक्यावर ऊन. गावाच्या अलीकडं डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मातीतच कोसळले. मोटारसायकल बंद झाल्याचा आवाज आला. तो उतरला. माझ्याकडं यायला लागला. मिरचीपूड पिशवीच्या तळाशी! मी ओरडले. काय ओरडले, आठवत नाही.

रस्त्याच्या कडेला पत्र्याचं घर, दारात शेळी. तिथनं एक म्हातारी काठी घेऊन निघाली. ‘कोण रं तू? बायाच्या मागं फिरतंय! थांब, गाव बोलावते!’ तो काहीतरी पुटपुटला, गाडी वळवली आणि गेला.

म्हातारीचं नाव चतुराबाई. मला आत नेलं, पाणी दिलं. मी तांब्या रिकामा केला. आणखी मागितलं.

‘मालक कुठं हायेत?’

‘मागून येतायत.’

तिनं माझ्या गळ्याकडं पाहिलं. खोटे मणी तिला लगेच कळले असणार.

‘व्हय का? माझा बी मागून येतोय. बारा वरसं झाली मेल्याला. अजून पोचला नाय.’

मी हसले आणि मग रडायलाच लागले. तिनं काही विचारलं नाही. आई गेल्यावर एवढी माणसं येऊन बसली, त्यांतल्या एकासमोरही मला असं रडता आलं नव्हतं. तिनं भाकरी थापली, झुणका केला. इथंच राहतेय आज.

२० मार्च, नाथषष्ठी. पैठण

पोचले!!

पहाटे चतुराबाई माझ्याबरोबर शेतातल्या आडोशापर्यंत आली, काठी घेऊन पाठ करून उभी राहिली. म्हणाली, ‘जावा आता बिनघोर. त्यो नाय येत.’ खरंच आला नाही. पिंपळवाडीपर्यंत मागं-पुढं कुणी नाही. मोसंबीच्या बागेच्या बांधावर बसले. आख्खी बाटली प्याले. मंगळसूत्र काढून पिशवीत टाकलं. मानेला वारा लागला. मोठ्यानं गायले, भसाड्या आवाजात, अर्धे शब्द चुकवत. मी शाळेत असताना आईनं माझं गाणं बंद केलं होतं. किती वेळ बसले कोण जाणे! मला कुणी शोधत नव्हतं, कुणाला मी लागत नव्हते. एवढंच हवं होतं मला. एवढ्यासाठी सगळ्यांनी केवढा गोंधळ घातला!

पिंपळवाडीच्या पुढं तो पुन्हा दिसला, लांब. पण तिथून माणसंच माणसं होती, नाही घाबरले. दर्शनाच्या रांगेत चार तास. नाथांसमोर काही मागायचं सुचलंच नाही. गोदावरीत पाय सोडून बसले, फोड आलेले.

श्रीनिवासला फोन केला. ‘पोचले. एकटी!’

‘हो, हो. घरी आल्यावर बोलू.’ झालं! पाय दुखतात का, कुठं राहिलीस, काही नाही. पण शब्द दिलाय त्यानं. घर माझं.

एसटीनं परत.

२३ मार्च, रविवार

श्रीनिवास पेढे घेऊन आला. त्याच्या मागं एक माणूस दारात चपला काढत होता. फाटकाशी लाल मोटारसायकल.

‘हा बन्सी. माझ्या वर्कशॉपमधला. तिन्ही दिवस तुझ्यामागं ठेवला होता, काय समजलीस? तुला एकटीला सोडीन का मी? आणि गळ्यात काय घातलं होतंस? हा मला विचारतो, ताईंचं लग्न कधी झालं!’ पोट धरून हसला.

बन्सी खाली बघत होता. ‘ताई, तुम्ही पाणी पीत नव्हत्या. मी साहेबाला फोनवर सांगितलं व्हतं, ताईला चक्कर यील. साहेब म्हणले, तोंड दाखवू नको, मागं मागं राहा. अन् मग त्या म्हातारीनं हाकललं, तर पिंपळवाडीपस्तोर चुकामूक झाली. तेवढाच टाइम तुम्ही एकट्या व्हत्या. माफी करा.’

तेवढाच टाइम.

‘तेव्हा त्या शब्दाचं म्हणशील, ताई,’ श्रीनिवास म्हणाला, ‘तर तू एकटी गेलीसच कुठं? एक तारखेला टेम्पो पाठवतो.’

मी दोघांना चहा दिला. बन्सीला पाणीही दिलं, न मागता.

आईच्या आजारपणापासून या घराची एक किल्ली श्रीनिवासकडं असते. परत मागितली नाही. ते गेल्यावर कुलूपवाल्याला फोन केला. उद्या दहाला येतो म्हणाला.

‘घरी कुणी माणूस असंल ना, बाई?’

‘मी आहे,’ म्हटलं.