चरबीच आहे, आई

तोंगयोंग, ३ नोव्हेंबर

प्रिय गीह्यॉन,

आशीर्वाद. कालवांचा हंगाम सुरू झाला, माल बरा आहे, सकाळपासून शेडमध्ये सोलत बसते. सोरिनसाठी चिकट तांदळाचे गोड गोळे पाठवलेत. पुढच्या गुरुवारी कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला जाण्याआधी पोरीला खायला घाल, म्हणजे यश चिकटून राहतं.

काल लिव्हरच्या गोळ्या आणायला बुसानला एकटीच गेले. तुला विचारलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, आता तरी ऑपरेशनचं मनावर घेताय ना? नातीच्या परीक्षेनंतर बघू, असं तुमचं म्हणणं मुलाने कळवलं होतं."

माझं म्हणणं! ऑगस्टमध्ये एमआरआयचा निकाल ऐकायला तू एकटा आत गेलास, मला बाकावर बसवलंस आणि हसत बाहेर आलास. "चरबीच आहे, आई. डुकराचं मांस बंद कर, रोज टेकडी चढ." तीन महिने मी गाढवासारखी टेकडी चढले, मेल्या!

मी बाईंना म्हटलं, मला चित्रं दाखवा. एकदाच श्वास रोखायला लावून काढलेली एमआरआयची दोन चित्रं. एकात गाठ उजळ, दुसऱ्यात तीच काळवंडलेली.

"अशी काळी पडते म्हणजे गाठीत चरबी आहे," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या लिव्हरमध्ये काविळीचा विषाणू तीस वर्षं आहे. अशा लिव्हरमधल्या गाठीत चरबी दिसली की आम्हाला कॅन्सरची शंका येते. बाकीच्या खुणाही तेच सांगत होत्या."

काल बाईंनी पुन्हा तपासलं, ऑगस्टमधली दोन सेंटिमीटरची गाठ आता तीनची झालीय. अजून कापता येते, हे माझं नशीब. तुझी हुशारी नव्हे. परीक्षा पोरीची, लिव्हर माझं. मध्ये ठरवणारा तू कोण रे?

इथवर लिहून पेन खाली ठेवलं होतं. पण खरं सांगते, सगळा राग तुझ्यावरचा नाही. तुझ्या बाबांना पोटाचा कॅन्सर होता, मी त्यांना अल्सर आहे म्हणून सांगितलं होतं. डॉक्टर फक्त माझ्याशी बोलले, आणि मीही हसतच बाहेर आले. शेवटी त्यांना कळलं, तेव्हा माझ्या हातची पेजसुद्धा त्यांनी घेतली नाही. चार दिवस. मग गेले. तू शाळेत होतास. हे तुला कधी सांगायचा धीर झाला नाही.

माझं ऑपरेशन त्याच गुरुवारी आहे. सह्या मी केल्यात. तू सोरिनच्या परीक्षा केंद्राच्या फाटकाशी उभा राहा, इकडे यायचं नाही. पोटात काय निघालं ते डॉक्टरीणबाई मला सांगतील. मला वाटलं, तर मी तुला सांगेन.

तुझी आई,
माल-सुन