तरवडापुढची माशी

सर,

नांदेडला लेकाच्या गॅलरीत बसून लिहितोय, आणि लिहितोय ते तुमच्या त्या माशीबद्दलच. आठवली की अजून तोंडाला कडू पाणी सुटतं.

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि पावसानं तोंड फिरवलं होतं. निलंग्याकडच्या आपल्या शाळेत तुम्ही शास्त्र शिकवायचात, मी मराठीचा नवा मास्तर, जिथं तिथं कविता शोधणारा. त्या फाल्गुनात एकदा शाळेमागच्या माळावर तरवडाच्या पिवळ्या फुलापुढं मुगाएवढा राखाडी, लोकरीचा गोळा हवेत थबकलेला दिसला. पुढं सुईसारखी सोंड. मी लगेच ‘इवली कष्टाळू मधमाशी’ अशी ओळ म्हणून दाखवली. तुम्ही खो खो हसलात. “कविराज, मधमाशी न्हाई ही, सोंग हाय! गप बसा अन् बघा.” उन्हात बसवलंत. ती फुफाट्यात टेकली, बूड घासून धूळ भरून घेतली, आणि पोळं न बांधता जमिनीत बीळ करणाऱ्या खऱ्या मधमाशीच्या बिळावर तरंगत धुळीत घोळलेली अंडी आत उडवू लागली. काही दिवसांनी तुम्ही तसलंच एक बीळ बाभळीच्या काट्यानं उकरलंत. आत मधमाशीचं पांढरं, मऊ लेकरू, आणि त्याला जळवेसारखी चिकटलेली माशीची अळी. शोषून शोषून नुसतं कातडं राहिलेलं. मी बाजूला जाऊन ओकलो. “झालं? आता लिवा कविता,” म्हणालात. तुम्ही मात्र हरखला होतात. पुस्तकात वाचलेली ही जात इतक्या वर्षांत तुम्हाला पहिल्यांदाच दिसली होती. एकदा नीट, हातात भिंग घेऊन बघायची, एवढीच तुमची इच्छा.

मग त्याच माळावर नव्या जिल्ह्याच्या कार्यक्रमाचा मंडप ठरला. रोलर आला. पाहुण्यांच्या कपड्यांवर धूळ नको म्हणून टँकरनं जमिनीवर पाणी मारलं, आणि कडेला बाया रिकाम्या घागरी घेऊन बघत उभ्या. तुम्ही टँकरपुढं गेलात. “तरवडाजवळचा एवढा तुकडा सोडा.”

“कशापायी?” टँकरवाल्यानं विचारलं.

“माशी हाय तिथं.”

“सर, माशाच बघायच्या तर हाटेलात चला की, लई हायेत!” सगळे हसले. एक म्हातारी तेवढी हसली नाही. ती टँकरवाल्याला म्हणाली, “आरं मुडद्या, भुईला पाजतूस व्हय?” त्या ओल्या मातीच्या वासावर त्या दिवशी मी एक ओळही लिहिली नाही, सर. एरवी त्या वासावर मी पानं भरली असती.

रोलर त्या तुकड्यावरूनही फिरला. त्यानंतर दर फाल्गुनात तुम्ही माळावर जाऊन बसायचात. शेवटी अंथरुणावरूनही विचारायचात, “दिसली का हो कविराज?” आणि मी म्हणायचो, “न्हाई, सर.” ते खरंच होतं.

गेल्या फाल्गुनात एसटीनं गावाकडं गेलो होतो. मंडपाची जागा पुन्हा उजाड झालीय, तरवड आहे. मी टेकलो, आणि ती आली. तीच लोकर, तीच सोंड. तुम्ही असता तर श्वास रोखला असतात. मीही रोखला. मग ती एका बिळावर तरंगू लागली, आणि मला आतलं ते कातडं आठवलं.

हे पत्र पाठवायला पत्ता असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही मरेपर्यंत जिची वाट पाहिलीत, तिला मी चप्पल काढून हाकललं, सर.