शहादेव मंडपवाल्याची लाल खुर्ची

मी, शहादेव आश्रुबा मिसाळ, वय चौऱ्याहत्तर, धंदा मंडप व लाउडस्पीकर, राहणार हिवरवाडी, तालुका शिरूर कासार, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. कुणाचा दबाव नाही, नशापाणी केलेलं नाही. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी बायको रतनबाई हिचं याबाबतीत मत वेगळं आहे, पण तिला दाखला देता येत नाही. हृदयाच्या दुखण्याचा भरवसा नसल्यामुळे माझ्या स्वकष्टाच्या मिळकतीची व्यवस्था मी पुढीलप्रमाणे करतो.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली ठेव रतनबाईला. तिच्या हयातीत कुणीही तिला "आई, आता तू मागच्या खोलीत झोप" असं म्हणू नये. दारात बसून येणारा-जाणारा बघितल्याशिवाय तिला जेवण पचत नाही. तिच्या माघारी घर दोन्ही मुलांना निम्मं-निम्मं.

कलम २. आष्टी रस्त्याकडची कोरडवाहू जमीन धाकटा मुलगा अभिमन्यू यास. तो आणि सून दरवर्षी ऊसतोडीला जातात. या जमिनीमुळे त्यांचं जाणं थांबेल, अशी माझी समजूत नाही. जमिनीला मी जवळून ओळखतो.

कलम ३. पाइप, पडदे, सतरंज्या, खुर्च्या, भोंगे, अँप्लिफायर, असं मंडपाचं सगळं सामान थोरला मुलगा परमेश्वर यास, परंतु कलम ५ मधल्या अटीवर. त्यातच लाल मखमलीची, सोनेरी हातांची मोठी खुर्ची आहे. गावात तिला सिंहासन म्हणतात. नवरा-नवरी सोडली तर तिच्यावर आजवर फक्त पुढारी बसले.

कलम ४. आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या विजयमाला मॅडम यांची मागे बदली निघाली होती. त्यांच्या प्रेमापोटी गावाने शाळेलाच टाळं ठोकलं. आमच्याकडे शिक्षकांवरचं प्रेम असंच दाखवतात, शाळा बंद करून. टाळं माझ्या गोदामाचं होतं. बदली रद्द झाली, पेपरात फोटो रविराजरावांचा आला, टाळं अजून आलेलं नाही. ज्याच्याकडे असेल त्याने ते शाळेत जमा करावं. किल्ली माझ्या जुन्या कोटाच्या खिशात आहे.

रविराजराव म्हणजे बागायतदार अर्जुनरावांचे चिरंजीव, आमच्या भागाचे पुढारी. माझं त्यांच्याशी वैर नाही. त्यांच्या सभांवर माझ्या घरची चूल पेटली. परंतु कलम ५ समजायचं तर दोन गोष्टी सांगाव्या लागतील. वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रात गोष्टी लिहीत नाहीत. मी म्हणालो, मेल्यावर सांगता येणार नाहीत, म्हणून लिहा.

पहिली गोष्ट. अभिमन्यूची मुलगी शिवकन्या तिसरीत होती. दिवाळी झाली आणि तोडीला न्यायला ट्रॅक्टर दारात लागला. भांडीकुंडी, कोयते, शेळी आणि शिवकन्या, सगळं ट्रॉलीत चढलं. तेवढ्यात विजयमाला मॅडम आल्या, साडी खोचून ट्रॉलीत चढल्या आणि पोरीला खाली उतरवलं. अभिमन्यू म्हणाला, "मॅडम, म्हातारीच्यानं पोर सांभाळनं हुणार न्हाई." मॅडम म्हणाल्या, "तुम्ही बिनघोर जा. तुम्ही येईपर्यंत ही माझी." आणि ती खरंच त्यांची झाली. शाळा सुटली तरी मॅडम तिला समोर बसवून अभ्यास घ्यायच्या, वेणी घालायच्या, ताप चढला तेव्हा स्कूटीवर बसवून बीडला घेऊन गेल्या. आज शिवकन्या बीडला नर्सिंग शिकते आणि माझी गोळी चुकली की मलाच दमात घेते. ट्रॉलीतून उतरवलेली अशी पोरं गावात घरोघर आहेत.

दुसरी गोष्ट. दर पाच सप्टेंबरला शाळेत शिक्षकांच्या गौरवाचा कार्यक्रम होतो. सिंहासनावर रविराजराव बसतात. फेटा त्यांना, शाल त्यांना, श्रीफळ त्यांना. उरलेल्या शाली त्यांच्यासोबत गाडीतून आलेल्यांना. ज्यांचा दिवस, त्या विजयमाला मॅडम शालींचं ताट धरून बाजूला उभ्या. एका वर्षी त्यांचा पाय सुजलेला होता, तरी उभ्या. मग रविराजराव शिक्षक हा देशाचा कणा कसा आहे यावर बोलतात. तेवढा वेळ कणा ताट धरून उभा असतो.

हे मी अँप्लिफायरमागे बसून दरवर्षी बघितलं. माइक माझा, खुर्ची माझी, पण मंडपवाल्याने "हॅलो, माइक टेस्टिंग" याच्या पुढे बोलायची रीत नाही. मला त्या बाईंबद्दल लई आदर आहे. हा "लई" वकीलसाहेबांनी खोडू नये.

कलम ५. येत्या ३१ मे रोजी मॅडम निवृत्त होत आहेत. निरोपाचा कार्यक्रम रविराजरावांच्या अध्यक्षतेखाली ठरला आहे, म्हणजे निरोप कुणाचा हे पत्रिकेत शोधावं लागेल. तोवर जगलो तर माझं मी बघून घेईन. न जगलो तर परमेश्वरने पुढीलप्रमाणे वागावं.

मंडप फुकट घालावा. लाल खुर्चीवर फक्त विजयमाला मॅडम बसतील. त्या नको-नको म्हणतील, ऐकू नये. ट्रॉलीत त्यांनी तरी कुठे कुणाचं ऐकलं. शालींचं ताट रविराजरावांनी धरावं, उभं राहून, कार्यक्रम संपेपर्यंत. माइकचं बटण शिवकन्येच्या हाती राहील. मॅडम सोडून कुणाचं भाषण लांबलं तर तिने बटण दाबावं आणि लाइट गेली असं सांगावं. आमच्याकडे यावर कुणीही विश्वास ठेवतो.

परमेश्वर म्हणेल, "आबा, त्यांच्या सभा हातच्या गेल्या तर खायाचं काय?" पोरगा वाईट नाही, भितो. म्हणून लिहितो की ही अट मोडली तर मंडपाचं सगळं सामान शाळेचं होईल. मग त्याने रविराजरावांना सांगावं की माझा इलाज नाही, बापाने बांधून ठेवलंय. मेलेल्या माणसाशी कुणी भांडत नाही.

हे मृत्युपत्र पाकिटात बंद करून वकीलसाहेबांकडे राहील. मी मेल्यावर, नाहीतर ३१ मेच्या सकाळी, जे आधी होईल तेव्हा, ते शाळेच्या पटांगणात माझ्याच माइकवरून वाचावं.

ठिकाण: हिवरवाडी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५
लिहून ठेवणार: शहादेव आश्रुबा मिसाळ (सही)
साक्षीदार १: सुंदरराव बंकट गर्जे, निवृत्त पोस्टमन (सही)
साक्षीदार २: रविराज अर्जुनराव तळेकर (सही)

सह्या झाल्यावर माझ्या सांगण्यावरून पुढचा मजकूर जोडला:

साक्षीला या, असा निरोप मीच रविराजरावांना धाडला होता. ते फोटोवाला घेऊन आले, आणि आजारी माणसाचा सत्कार करायचा म्हणून शालही आणली. विजयमाला मॅडम माझ्या तब्येतीची चौकशी करायला आल्या होत्या, उशाशी बसल्या होत्या. रविराजरावांनी शालीचं ताट सवयीने त्यांच्या हातात दिलं आणि त्याही सवयीने उठून उभ्या राहिल्या. वकीलसाहेबांनी विचारलं, मजकूर वाचून दाखवू का? रविराजराव फोटोवाल्याकडे बघत म्हणाले, "काकांवर माझा भरोसा हाय. सही कुठं करू तेवढं सांगा." सुंदररावांनी सगळा मजकूर वाचलेला असल्यामुळे त्यांना खोकल्याची उबळ आली. ३१ मेपर्यंत त्यांनी असंच खोकत राहावं, तोंड उघडू नये.

त्या वेळचा फोटो सोबत जोडावा. त्यात रविराजराव सही करताना दिसतात आणि मागे मॅडम ताट धरून उभ्या आहेत. मॅडमनी ताट धरल्याचा हा शेवटचा फोटो.