नळी घालण्याआधी

२ डिसेंबर
निवृत्तीनंतर मी देवळात बसेन अशी पुण्यातल्या शेजारणींची अपेक्षा होती. मी सांगलीत नोकरी धरली. इथल्या एका खासगी रुग्णालयाला अतिदक्षता विभागातल्या तरुण डॉक्टरांना शिकवायला अनुभवी भूलतज्ज्ञ हवी होती. खोली हवेशीर आहे. खाली हळदीची गोदामं, त्यामुळे उशीलासुद्धा हळदीचा वास. डॉ. ब्राह्मी हुशार आहे, पण तिचा सगळा जीव व्हिडिओ स्कोपच्या पडद्यात. घसा मोठा दिसतो, श्वासाची नळी पहिल्याच प्रयत्नात जाते, अत्यवस्थ रुग्णाला तेच बरं, असं ती मला समजावते. बरोबर आहे तिचं. तरी मी साधा स्कोप बाळगून आहे. वाकून, रुग्णाच्या तोंडाशी चेहरा नेऊन, स्वतःच्या डोळ्यांनी बघायची माझी जन्माची सवय.

६ डिसेंबर
इथे एक अडाणी प्रथा आहे. नळी स्वरतंतूंमधून जाते, म्हणजे गेली की आवाज बंद. म्हणून आधी शालनमावशी, इथल्या आया, नातेवाइकांना आत घेतात आणि रुग्णाला सांगतात, "बोलून घ्या, काय हाय ते." मग रडारड, शेताच्या वाटण्या, सुनेची गाऱ्हाणी. तिकडे ऑक्सिजन उतरतोय. शाळेत कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला शिस्त लावली ती हे बघायला नव्हे. मी प्रथा बंद केली. मावशी म्हणाल्या, "आवं, एका शब्दानं काय बिघडतंय?" मेंदू बिघडतो, म्हटलं.

९ डिसेंबर
जतकडची मंगल, मेंढपाळांच्या घरातली. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. मास्क सारून तिने माझी बाही धरली. लेकाशी, तानाजीशी, बोलायचं होतं. तो काचेबाहेरच उभा होता. बरी झालीस की बोल, असं सांगून मी गुंगीचं औषध दिलं. ब्राह्मीने नळी सुरेख घातली.

१२ डिसेंबर
मंगल गेली. आई काय म्हणत होती, एवढंच तानाजीने विचारलं. वेळ नव्हता, मी म्हणाले. ऑक्सिजन तसा बरा होता तिचा.

१५ डिसेंबर
कोरेगावचे हरिबा. स्नायू सैल करणारं औषध दिलं होतं. त्यानंतर घशात काही हलूच शकत नाही. तरी पडद्यावर स्वरतंतू हलत होते. मिटत, उघडत, बोलल्यासारखे. ब्राह्मीला काही दिसेना. पडदा बिघडलाय. उद्यापासून साधा स्कोप.

१७ डिसेंबर
आजचा रुग्णही पुरुषच. साध्या स्कोपने बघितलं. घसा निश्चल. समाधानाने आणखी वाकले आणि गालावर श्वास आला. औषधाने श्वास थांबलेल्या माणसाचा. गरम. त्यात बाईचा आवाज— "तानाजी".

१९ डिसेंबर
पडदा असो, नसो. प्रत्येक घशात तीच. "बाळा, हिकडं ये—" पुढे जात नाही. मावशींना सांगितलं. मला वाटलं हसतील. म्हणाल्या, "बोलायचं ऱ्हायलंय तिचं. घसा हुडकतीया."

२१ डिसेंबर
ताप. आवाज बसला. तानाजीला फोन केला. उचलत नाही. कशाला उचलेल—

२२ डिसेंबर
आता मीच खाटेवर. दोन्ही फुप्फुसं. माझी लेक माया पुण्याहून आलीय. ब्राह्मीने स्कोप हातात घेतला, पण आधी मावशींना सांगून मायाला आत बोलावलं. भली पोर. म्हणाली, मॅडम, बोलून घ्या.

तोंड उघडलं. आवाज खणखणीत. माझा नाही. "तानाजी, बाळा, हिकडं ये—"
माया मागे सरली.

म्हणून लिहितेय. हात अजून माझा आहे. माया, तुला इतकंच सांगायचं होतं की मी

ब्राह्मी म्हणते, आता थांबता येणार नाही. औषध शिरतंय. माया, मी तुला कधी

बाळा, हिकडं ये. म्या काय म्हंत हुते, तुज्या बापाला