साखरेचा चहा

नाशिक, २ डिसेंबर २०२४

चि. शेषराव यास, रागावलेल्या ताईचे आशीर्वाद.

१९ नोव्हेंबरला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, देऊळघाटच्या आपल्या घरात, तुझ्या बायकोने मला कपबशीत साखरेचा चहा दिला. घरच्यांना गुळाचा, पाहुण्यांना साखरेचा, ही आपली रीत. वर म्हणाली, "आता तुम्ही पाहुण्या, ताई. तुमाले गुळाचा कसा देऊ?" तू समोर बसून गुळाचाच पीत होतास.

आई गूळ-आलं उकळून, भांडं उतरवून मग दूध घालायची. तिचा चहा कधी फाटला नाही. मी तसंच करते, तरी ती गेल्यापासून माझा रोज फाटतो.

तुझा गुडघा बरा आहे ना? मी ठणठणीत आहे.

आई नाही, तर मी त्या घरची कोण? पंधरा तारखेच्या आत लेखी कळव. फोन उचलणार नाही.

तुझी ताई